पिट्युटरीची गाठ, पण पिट्युटरीत नसलेली

नाक सतत चोंदते, अधूनमधून डोके दुखते, म्हणून एखादी व्यक्ती कान-नाक-घसातज्ज्ञाकडे जाते. नाकाच्या अगदी मागे मांसाची वाढ दिसते, तिचा छोटा तुकडा तपासणीला पाठवला जातो आणि काही दिवसांनी आलेल्या अहवालात ‘पिट्युटरी अ‍ॅडेनोमा’ असे लिहिलेले असते. घरातले कोणीतरी मोबाइलवर शोधते, पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी असणारी ग्रंथी असल्याचे कळते आणि मेंदूतली गाठ नाकात उतरली की काय, या विचाराने सगळ्यांची झोप उडते. दुसऱ्या एखाद्या घरात याच्या उलट घडते. रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा सांगतात की पिट्युटरीचे एक संप्रेरक प्रमाणाबाहेर वाढले आहे; पण एमआरआय केला तर पिट्युटरी अगदी निर्दोष दिसते आणि कोणत्या अहवालावर विश्वास ठेवावा हेच कळेनासे होते.

या दोन्ही प्रसंगी एक शक्यता समान असते. पिट्युटरीची गाठ तिच्या नेहमीच्या जागेबाहेर वाढलेली असू शकते. वैद्यकीय भाषेत तिला ‘एक्टोपिक पिट्युटरी अ‍ॅडेनोमा’ म्हणतात; एक्टोपिक म्हणजे जागेबाहेरची आणि अ‍ॅडेनोमा म्हणजे ग्रंथीच्या पेशींची गाठ. या लेखात यापुढे ‘जागेबाहेरची गाठ’ एवढेच म्हणू. हा आजार इतका दुर्मीळ आहे की जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत आजवर नोंदलेले रुग्ण शेकड्यांतच मोजता येतात. तरीही तो समजून घ्यायला हवा असे मला वाटते, कारण तो ओळखता येतो, पुष्कळदा बरा करता येतो, आणि ओळखला गेला नाही तर निरोगी ग्रंथीवर शस्त्रक्रिया होण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

पिट्युटरी असते कुठे आणि करते काय

दोन्ही डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाच्या मध्यभागी स्फेनॉइड नावाचे हाड आहे. त्या हाडाच्या वरच्या बाजूला एक खळगा असतो आणि त्या खळग्यात वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पिट्युटरी ग्रंथी बसलेली असते. याच हाडाच्या पोटात, खळग्याच्या अगदी खाली, हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला स्फेनॉइड सायनस म्हणतात. म्हणजे नाकाच्या मागच्या टोकापासून पिट्युटरीपर्यंतचे अंतर आपल्याला वाटते त्यापेक्षा फारच कमी आहे. पिट्युटरीच्या बहुतेक शस्त्रक्रिया आज कवटी न उघडता नाकपुडीतून होतात, त्या याच शेजारामुळे.

ग्रंथीचे काम हुकूम देण्याचे आहे. संप्रेरक म्हणजे रक्तात सोडले जाणारे आणि दूरच्या अवयवाला कामाला लावणारे रसायन. पिट्युटरीचे एसीटीएच हे संप्रेरक मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल तयार करायला सांगते, टीएसएच थायरॉइडला चालवते, प्रोलॅक्टिन बाळंतिणीच्या अंगावर दूध आणते, वाढीचे संप्रेरक मुलांची उंची वाढवते आणि मोठेपणीही हाडामांसाची घडण सांभाळते. स्त्रियांची पाळी आणि पुरुषांचे प्रजननही याच ग्रंथीच्या इशाऱ्यावर चालते. तिच्यातील एकाच प्रकारच्या पेशी बेसुमार वाढल्या की त्यांची गाठ होते, आणि ती गाठ शरीराची गरज न जुमानता तेच एक संप्रेरक सोडत राहते.

मग ही ग्रंथी नाकाच्या वाटेवर आली कशी

पिट्युटरीचे दोन भाग असतात आणि त्यांची माहेरे वेगळी आहेत. मागचा भाग मेंदूतून खाली उतरतो. पुढचा भाग, म्हणजे वर सांगितलेली सगळी संप्रेरके तयार करणारा भाग, मेंदूचा नव्हेच. तो गर्भाच्या तोंडाच्या छतातून तयार होतो. गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना या छताला वरच्या दिशेने एक खिसा पडतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ मार्टिन राट्के यांनी १८३८ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून तो राट्केचा खिसा या नावाने ओळखला जातो. हा खिसा वर वर सरकत मेंदूकडून येणाऱ्या भागाला जाऊन मिळतो, तोंडाशी असलेला त्याचा देठ पुढील काही आठवड्यांत तुटून विरघळतो आणि मध्ये स्फेनॉइडचे हाड तयार होऊन वाट बंद होते.

आपल्याकडे गोव्यात खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतात, कापलेल्या भाताचे भारे बांधावरून खळ्यापर्यंत नेतात, तेव्हा वाटेवर थोडे दाणे सांडतातच. मळणी होते, धान्य घरात जाते, सांडलेल्या दाण्यांकडे कोणी पाहत नाही. त्यांतले बहुतेक वाळून किंवा पाखरांच्या पोटात जातात, पण मिरगाचा पाऊस पडल्यावर एखादा दाणा बांधावरच रुजतो. ते रोप खळ्यावर शोधून सापडणार नाही. भारे ज्या वाटेने गेले ती वाटच पाहावी लागेल. राट्केच्या खिशाच्या पेशींचेही असेच होते. तोंडाच्या छतापासून कवटीच्या खळग्यापर्यंतच्या प्रवासात काही पेशी मागे राहतात. नाकामागे, घशाच्या छताच्या अस्तराखाली अशा पेशींचा काही मिलिमीटर लांबीचा पुंजका बहुतेक सर्व माणसांत आढळतो आणि तो जन्मभर कोणालाही कसलाही त्रास देत नाही. अगदी क्वचित, का ते नेमके उलगडलेले नाही, पण अशा मागे राहिलेल्या पेशींपैकी एखादी वाढू लागते.

त्यामुळे या गाठी कुठे सापडतात हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते. स्फेनॉइड सायनस ही त्यांतली प्रमुख जागा. ऑस्ट्रियाचे पॅथॉलॉजिस्ट याकोब एर्डहाइम यांनी १९०९ मध्ये अशा गाठीचे पहिले वर्णन केले, तेही स्फेनॉइडच्या हाडातल्याच गाठीचे होते आणि त्या रुग्णाला वाढीच्या संप्रेरकाचा आजार होता. त्याखेरीज ग्रंथीच्या वर तिच्या देठाजवळ, बाजूच्या शिरांच्या जाळ्यात, स्फेनॉइडच्या मागे मानेकडे उतरणाऱ्या क्लायव्हस या हाडात आणि नाकामागच्या घशात त्या आढळतात. वाटेशी मुळीच संबंध नसलेली एक जागाही नोंदलेली आहे: बीजांडकोशातल्या टेराटोमा प्रकारच्या गाठीत केस, दात, थायरॉइड असे नाना ऊतक तयार होऊ शकतात, त्यांत क्वचित पिट्युटरीच्या पेशीही असतात आणि त्यांतून संप्रेरक सोडणारी गाठ झाल्याची उदाहरणे आहेत. तिथे कारण वेगळे आहे. त्या प्रकाराचा विचार इथे करत नाही.

व्याख्येतली एक अट मात्र महत्त्वाची आहे. पिट्युटरीतच उगम पावलेली मोठी गाठ खळग्याचा तळ फोडून खाली सायनसमध्ये उतरते, असे पुष्कळदा घडते. ती जागेबाहेरची गाठ नव्हे. ग्रंथी आणि गाठ यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, असे दिसले तरच हे नाव लावता येते.

फुप्फुसातली गाठही एसीटीएच सोडते, मग ती हीच का?

नाही, आणि हा गोंधळ डॉक्टरांच्या कागदांतूनही रुग्णाच्या मनात शिरतो. फुप्फुसातल्या किंवा स्वादुपिंडातल्या काही गाठी पिट्युटरीच्या नसूनही एसीटीएच तयार करायला लागतात. तिथे पेशी परक्या आणि संप्रेरक पिट्युटरीचे, अशी स्थिती असते. आपल्या विषयात पेशीही पिट्युटरीच्या आणि संप्रेरकही तिचेच. फक्त जागा चुकलेली. दोन्हीकडे ‘एक्टोपिक’ हाच शब्द वापरला जातो, म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे की पेशी कोणत्या. उपचार, वागणूक आणि पुढचा अंदाज त्यावरच ठरतो.

शरीरावर परिणाम काय होतात

गाठ कुठे आहे यापेक्षा ती काय सोडते, यावर लक्षणे ठरतात. जागेबाहेरच्या गाठींत एसीटीएच, प्रोलॅक्टिन आणि वाढीचे संप्रेरक सोडणाऱ्या गाठींच्या नोंदी अधिक आहेत.

एसीटीएचमुळे कॉर्टिसॉल वाढते आणि कुशिंग आजार होतो. अमेरिकन मेंदूशल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये पिट्युटरीशी त्याचा संबंध मांडला. चेहरा गोल आणि लालसर होतो, पोट सुटते पण हातपाय बारीक होतात, रक्तदाब आणि साखर वाढते, मनःस्थिती बिघडते. ही यादी वाचून अर्ध्या गावाला आपणच तो रुग्ण आहोत असे वाटेल, म्हणून त्यातल्या त्यात बोलकी लक्षणे लक्षात ठेवावीत. पोटावर आणि मांड्यांवर बोटभर रुंदीचे, गर्द जांभळे पट्टे येतात, जे बाळंतपणानंतरच्या पांढुरक्या रेषांहून स्पष्ट वेगळे दिसतात. किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात. जमिनीवर किंवा सखल पाटावर बसलेल्या माणसाला हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, कारण मांड्यांचे स्नायू झिजलेले असतात.

वाढीचे संप्रेरक वाढले की अंगठी बोटात जात नाही, चपलेचे माप वाढते, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, घोरणे वाढते. हे बदल वर्षानुवर्षे इतके सावकाश होतात की घरच्यांना ते दिसतच नाहीत, जुना फोटो शेजारी ठेवल्यावर दिसतात. प्रोलॅक्टिनमुळे स्त्रियांची पाळी थांबते आणि गर्भारपण नसताना स्तनांतून दूध येते. पुरुषांत कामेच्छा मंदावते आणि वंध्यत्व येऊ शकते. टीएसएच सोडणाऱ्या गाठी सर्वांत विरळ, पण नाकामागच्या घशातल्या अशा गाठी नोंदलेल्या आहेत. त्या थायरॉइड वाढल्याच्या नेहमीच्या आजारासारख्या दिसतात, मात्र अहवालात एक खूण राहते: थायरॉइडची संप्रेरके वाढलेली असतानाही टीएसएच खाली गेलेले नसते. नेहमीच्या आजारात ते जवळपास शून्यावर आलेले असते. हा विसंगत आकडा कोणी वाचलाच नाही, तर निर्दोष थायरॉइडवर वर्षानुवर्षे उपचार होत राहतात.

गोव्यात साखर घरोघरी आहे, तिचा इथे काय संबंध?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले. प्रौढांमध्ये ते २६.४ टक्के होते. त्यांपैकी जवळपास सर्वांचा पिट्युटरीशी काडीचाही संबंध नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. प्रश्न उरतो तो अगदी थोड्यांचा. जिथे चौघांत एकाला साखर आहे, तिथे वाढलेल्या साखरेचे कोणालाच नवल वाटत नाही, गोळ्या वाढवल्या जातात आणि कॉर्टिसॉल किंवा वाढीचे संप्रेरक मागे लपून राहते. तिशीच्या आतल्या माणसाला साखर आणि रक्तदाब दोन्ही एकदम सुरू झाले, औषधे वाढवूनही आटोक्यात येईनात, आणि सोबत ते जांभळे पट्टे किंवा घट्ट झालेली अंगठी असेल, तर पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसमोर ही जोडी स्पष्ट शब्दांत मांडावी. लक्षणे सुटी सुटी सांगितली की सुटी सुटी औषधे मिळतात.

रक्ताचा अहवालच चुकीचा असेल तर?

शंका अगदी रास्त आहे, आणि दुर्मीळ गाठीच्या मागे लागण्याआधी तिचे पूर्ण निरसन झालेच पाहिजे. कुशिंगसारखे रूप दिसण्याचे सर्वांत मोठे कारण बाहेरून पोटात किंवा अंगावर गेलेली स्टिरॉइड हे आहे. सांधेदुखीवरच्या निनावी पुड्या, दम्यावरची नाव नसलेली चूर्णे, गोरेपणासाठी किंवा नायट्यावर महिनोन्महिने चोळलेली मलमे यांत ती असतात. डॉक्टरांपासून हे लपवून काहीच साधत नाही. प्रोलॅक्टिन गर्भारपणात, थायरॉइड मंदावल्यावर आणि सुई टोचण्याच्या ताणानेही वाढते. पित्तावर आणि मळमळीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील डॉम्पेरिडोन आणि लेव्होसल्पिराइड या औषधांनी तर ते चांगलेच वाढते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे बिघडवतात.

या सगळ्या शक्यता बाजूला काढल्यावर मग गाठीचा शोध सुरू होतो. कॉर्टिसॉलचे प्रमाण दिवसभर बदलत असते, सकाळी जास्त आणि मध्यरात्री सर्वांत कमी, म्हणून अवेळी घेतलेला एकच नमुना फारसे काही सांगत नाही. त्यासाठी रात्री अकराच्या सुमारास डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी देतात आणि सकाळी आठ वाजता रक्त घेतात. निरोगी शरीरात कॉर्टिसॉल दर डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरलेले असते. त्याच्या जोडीला २४ तासांची लघवी साठवून तपासतात, किंवा झोपण्याच्या वेळी कापसाची छोटी सुरळी तोंडात धरून लाळेचा नमुना घेतात. यांतल्या किमान दोन वेगवेगळ्या चाचण्या एकच गोष्ट सांगू लागल्या की आजार खरा मानायचा. वाढीच्या संप्रेरकासाठी रक्तातील आयजीएफ-१, म्हणजे त्याच्या प्रभावाने शरीरात तयार होणारे रसायन, पाहतात आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देऊन संप्रेरक दबते की नाही ते तपासतात. प्रोलॅक्टिन दर मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅमच्या वर गेले असेल तर गाठीची शंका बळावते.

अशा काटेकोर पद्धतीने संप्रेरक वाढल्याचे ठरल्यावर, चित्रात गाठ दिसली नाही म्हणून रक्ताचा अहवाल केराच्या टोपलीत टाकू नये, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. संप्रेरक कुठून तरी येतच असते.

एमआरआयमध्ये गाठ दिसत का नाही

एक कारण आकाराचे. कुशिंग आजाराच्या गाठी पुष्कळदा काही मिलिमीटरच्याच असतात आणि नेहमीच्या जागी असूनही दहांपैकी तीन-चार रुग्णांच्या एमआरआयमध्ये दिसत नाहीत. म्हणून ‘एमआरआय नॉर्मल’ याचा अर्थ लगेच ‘जागेबाहेरची गाठ’ असा होत नाही. ग्रंथीत लपलेल्या बारीक गाठीची शक्यता केव्हाही अधिक असते.

दुसरे कारण नजरेचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. पिट्युटरीचा एमआरआय मागवला की यंत्र त्या खळग्याभोवतीच बारीक काप घेते आणि वाचणाऱ्याचे लक्षही तिथेच असते. स्फेनॉइड सायनसमध्ये दिसणारी करडी वाढ ‘सायनसच्या अस्तराची सूज’ किंवा ‘पॉलिप’ या शब्दांत एका ओळीत नोंदवली जाते, कारण तशी सूज असंख्य लोकांना असते. क्लायव्हसमधली गाठ हाडाच्या दुसऱ्याच गाठीसारखी दिसते. नाकामागच्या घशातली गाठ तर चित्राच्या चौकटीबाहेरच राहू शकते. क्वचित खळगा जवळजवळ रिकामा दिसतो, आणि ती खूणही वाचणाऱ्याने मनात ठेवावी अशी आहे.

याच्या उलट प्रकारचा सापळाही आहे. पिट्युटरीवर बारीकसा, काहीच न करणारा डाग निदान दहांतल्या एका माणसाच्या बाबतीत सापडतो. रक्तात संप्रेरक वाढलेले, चित्रात ग्रंथीवर एक डाग, मग दोष त्या डागाचाच, असे मानणे किती सोपे आहे. खरी गाठ दोन सेंटिमीटर खाली सायनसमध्ये असू शकते.

उपाय सोपा आहे आणि तो बहुतेकदा नवीन चाचणीविना होतो: जुनीच सीडी अंतःस्रावतज्ज्ञ (संप्रेरकांच्या आजारांचे डॉक्टर) आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून, संप्रेरकाचा अहवाल समोर ठेवून, नाकामागच्या घशापासून खळग्याच्या वरपर्यंत पुन्हा पाहणे. हाडासाठी सायनसचा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. तरीही उलगडा झाला नाही तर काही मोठ्या केंद्रांत पेट स्कॅनचे विशेष प्रकार उपलब्ध आहेत.

मेंदूच्या शिरांतून रक्त घेतात, ती तपासणी निर्णायक नाही का?

एसीटीएच पिट्युटरीतून येते की शरीरात अन्यत्र कुठून, हे ठरवायला ही तपासणी फार मोलाची आहे. रुग्ण जागा असतो. दोन्ही जांघांतल्या शिरांतून दोन बारीक नळ्या आत सरकवत, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, कवटीच्या तळाशी दोन्ही बाजूंना पिट्युटरीचे रक्त वाहून आणणाऱ्या शिरांपर्यंत नेतात. मग डावीकडून, उजवीकडून आणि हाताच्या शिरेतून एकाच क्षणी रक्त घेतले जाते. एक इंजेक्शन देऊन ठरावीक मिनिटांनी पुन्हा तिन्ही ठिकाणचे घेतले जाते. प्रत्येक नळकांडीवर बाजू आणि मिनिट लिहावे लागते, नमुने बर्फात ठेवून तत्काळ प्रयोगशाळेत न्यावे लागतात, कारण एसीटीएच साध्या तापमानाला लवकर नष्ट होते. कवटीतल्या शिरेतले प्रमाण हातातल्या प्रमाणाच्या दुप्पट, किंवा इंजेक्शननंतर तिप्पट असेल तर उगम पिट्युटरीकडचा मानतात.

मात्र ‘पिट्युटरीकडचा’ म्हणजे ‘पिट्युटरीतला’च असे नाही. स्फेनॉइड सायनसमधल्या किंवा बाजूच्या शिरांच्या जाळ्यातल्या गाठीचे रक्तही त्याच शिरांत उतरू शकते. तपासणी तेव्हा खळग्याकडे बोट दाखवते, शस्त्रक्रियेत ग्रंथी उघडली जाते, आत काही सापडत नाही आणि कधी अर्धी किंवा पूर्ण ग्रंथी काढूनही कॉर्टिसॉल तसेच राहते. रुग्णाच्या पदरी मूळ आजार आणि त्यावर आयुष्यभराच्या गोळ्या येतात. म्हणून शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी सायनस आणि क्लायव्हस कोणी मुद्दाम पाहिले आहेत का, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारावा. तो विचारण्यात उद्धटपणा नाही.

तुकडा काढून पाहिला की झाले, त्यात अडचण कसली?

दोन अडचणी आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीच्या पेशी एकसारख्या आणि दाटीवाटीने बसलेल्या दिसतात, आणि नाकातल्या इतर काही गाठी, ज्यांत खरोखरीचे कर्करोगही आहेत, अगदी तशाच दिसू शकतात. तुकडा नाकातून आला आहे एवढेच पॅथॉलॉजिस्टला कळवले असेल, तर पिट्युटरीचा विचार मनात येणे कठीण. रुग्णाला किमोथेरपी सुचवली जाण्याइतका फरक तिथे पडतो. पेशींवर विशिष्ट प्रतिपिंडांचे रंग चढवून त्या कोणते संप्रेरक बाळगतात, पिट्युटरीच्या पेशींत असणारी पिट-१, टी-पिट, एसएफ-१ ही प्रथिने त्यांत आहेत का, हे पाहता येते आणि उत्तर पक्के मिळते. फक्त ते रंग मागवण्याची आठवण कोणालातरी व्हावी लागते, म्हणून तुकड्यासोबत जाणाऱ्या कागदावर रुग्णाची संप्रेरकांची लक्षणे लिहिलेली असणे अत्यावश्यक आहे.

दुसरी अडचण गंभीर असली तरी फार विरळ आहे. काही व्यक्तींत गर्भावस्थेतील वाट पूर्ण बंद होत नाही आणि ग्रंथी स्वतःच खाली राहते. नाकामागे दिसणारा तो उंचवटा गाठ नसून त्यांची एकुलती एक पिट्युटरी असू शकते. तो कापून काढला तर सर्वच संप्रेरके बंद पडतात. म्हणून घशाच्या छताच्या अगदी मध्यरेषेवरच्या वाढीला हात लावण्यापूर्वी एमआरआयमध्ये खळग्यात ग्रंथी आहे ना, हे बघून घ्यायचे असते.

हा कर्करोग आहे का?

बहुतेक वेळा नाही. या गाठी सावकाश वाढतात आणि शरीरात दूर पसरत नाहीत. मात्र स्फेनॉइड आणि क्लायव्हसमधल्या गाठी हाड पोखरतात, डोळ्यांच्या नसांजवळ पोहोचू शकतात आणि पूर्णपणे काढणे अवघड होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात ‘अ‍ॅडेनोमा’ऐवजी ‘पिट्युटरी न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर’ असे नाव आले आहे. नव्या अहवालांत ते वाचून घाबरू नये, नाव बदलले म्हणून आजार बदललेला नाही.

उपचार

प्रोलॅक्टिन सोडणारी गाठ असेल तर शस्त्रक्रियेआधी कॅबरगोलिनच्या गोळ्या, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, हा पहिला मार्ग असतो आणि जागेबाहेरची गाठही या गोळ्यांनी आकसू शकते. इतर गाठींसाठी नाकातून दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार आहे. ती कान-नाक-घसातज्ज्ञ आणि मेंदूशल्यचिकित्सक मिळून करतात. गाठ ग्रंथीपासून वेगळी असल्याचा इथे एक लाभही आहे: नेमके निदान आधी झालेले असेल तर निरोगी पिट्युटरीला धक्का न लावता गाठ काढता येते. हाडात शिरलेला भाग मागे राहिला तर किरणोपचार देतात. वाढीच्या संप्रेरकाच्या आणि टीएसएचच्या गाठींवर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने साधारण महिन्याच्या अंतराने देतात.

गोव्यातल्या रुग्णाचा प्रवास बहुधा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून सुरू होतो. शिरांतल्या रक्ताच्या तपासणीसारख्या गोष्टींसाठी मुंबईचे केईएम किंवा वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशा, हे काम सातत्याने करणाऱ्या केंद्रांकडे जाण्याचा सल्ला मिळू शकतो. जाताना अहवालांचे छापील कागद पुरेसे नसतात. एमआरआयची सीडी आणि तुकड्याचे मेणात जपलेले मूळ ठोकळे मागून सोबत न्यावेत, म्हणजे तपासण्या पुन्हा करण्याचा खर्च आणि वेळ वाचतो.

कुशिंग आजाराच्या शस्त्रक्रियेनंतरचा काळ रुग्णांना अनपेक्षितपणे जड जातो, म्हणून त्याविषयी आधीच बोलायला हवे. गाठ पूर्ण निघाली की कॉर्टिसॉल एकाएकी तळाला जाते, कारण इतकी वर्षे दबून राहिलेल्या निरोगी पेशी जाग्या व्हायला महिने, कधी वर्षाहून अधिक काळ घेतात. अंग दुखते, थकवा येतो, भूक मरते, आणि बरे होण्याऐवजी आजार वाढला असे वाटते. खरे तर डॉक्टरांच्या दृष्टीने शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याची ती खूण असते. या काळात कॉर्टिसॉलची उणीव भरून काढायला दिलेल्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नसतात, ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुप्पट करायच्या असतात आणि उलट्यांमुळे पोटात राहत नसतील तर थेट इस्पितळात जाऊन इंजेक्शन घ्यायचे असते. नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव गळू लागला तर तो सर्दीचा समजून घरी थांबू नये.

मग सायनसचा त्रास असणाऱ्या प्रत्येकाने तपासून घ्यावे का?

मुळीच नाही. दमट हवेच्या आपल्या प्रदेशात नाक चोंदणे आणि सायनसची सूज या नित्याच्या गोष्टी आहेत आणि संप्रेरकांची लक्षणे नसतील तर या गाठीची शक्यता जवळजवळ नसतेच. हौसेने केलेल्या संप्रेरकांच्या चाचण्यांतून निरुपद्रवी फरक सापडतात आणि भीती मात्र खरी उरते. शोध घ्यायचा तो दोन्ही बाजू जुळल्यावर: संप्रेरकाचा आजार चाचण्यांनी पक्का आणि ग्रंथीत त्याचे कारण सापडत नाही, किंवा नाकामागे मध्यरेषेवर वाढ आहे आणि सोबत अंगावर संप्रेरकांच्या खुणा आहेत.

उपचार झाल्यावर मात्र तपासणी सोडता येत नाही, कारण कुशिंगच्या गाठी अनेक वर्षांनीही परत उगवू शकतात. दरवर्षी झोपण्याच्या वेळच्या लाळेतले कॉर्टिसॉल पाहणे हा त्यातला सोपा आणि लवकर इशारा देणारा मार्ग आहे; वाढीच्या संप्रेरकासाठी आयजीएफ-१ आणि प्रोलॅक्टिनसाठी साधे रक्त पुरते. पुढचा प्रत्येक एमआरआय मागवताना चिठ्ठीवर केवळ ‘पिट्युटरी’ न लिहिता पूर्वीची गाठ जिथे होती ती जागा लिहून घ्यावी.